फटका तेवढा आपला

गोल्फ हा खेळ मुळात सुखासाठी काढलेला नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वाळू आणि खुरटे गवत यांखेरीज काही उगवत नाही अशा पट्ट्यात तो वाढला. शेतकऱ्याने नांगर घालायचा विचार सोडून तिथे मेंढ्या सोडल्या होत्या. गवत मेंढ्याच कापीत, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून त्यांनी जे खड्डे केले त्यांचेच पुढे बंकर झाले, असे सांगतात. मैदानाच्या देखभालीवर कोणी दमडी खर्च करीत नसे आणि खेळणाऱ्याच्या देखभालीवर त्याहून कमी. हाडात शिरणारा वारा, तोंडावर आडवा येणारा पाऊस, काटेरी झुडपात हरवलेला चेंडू आणि तो शोधताना तोंडातून निघणारे शब्द, हा त्या खेळाचा मूळ ऐवज. 1457 मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या अमदानीत तिथल्या पार्लमेंटने गोल्फवर चक्क बंदी घातली, कारण प्रजा धनुर्विद्येचा सराव टाकून याच्या नादी लागली होती. तरी लोक खेळत राहिले. कायद्याने नको म्हटलेले, हवेने नको म्हटलेले आणि पाठीच्या कण्याने नको म्हटलेले काम साडेपाचशे वर्षे आवडीने करत राहणारी जमात ही अशी. हे आधी ध्यानात घेतले नाही, तर थायलंडने या खेळाचे काय करून ठेवले आहे त्याचा पुरता उलगडा होणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की थायलंड गोल्फ विकत नाही. थायलंड गोल्फमधले कष्ट काढून घेतो आणि उरलेला खेळ विकतो. त्या देशात आज दोनशेहून अधिक मैदाने आहेत. दर हिवाळ्यात कोरिया-जपानची मैदाने गोठली, की तिथल्या खेळाडूंची विमाने भरून बँकॉक, पट्टाया, हुआ हिन, फुकेत आणि चियांग माईकडे निघतात. अलीकडे त्या रांगेत मुंबई-पुण्याचे गटही दिसतात. कंपनीतले चौघे, चौघांच्या चार लांबलचक पिशव्या, आणि घरी सांगितलेले कारण काहीतरी व्यावसायिक. सगळ्यांना मनातून खात्री असते की आपण खेळायला चाललो आहोत. यजमानांना मात्र पक्के ठाऊक असते की पाहुण्याला खेळण्यातले श्रम नको आहेत आणि खेळल्याचा अनुभव हवा आहे. या एका जाणिवेवर तिथला सारा धंदा उभा आहे आणि तो उत्तम चालला आहे.

गंमत अशी की आग्नेय आशियात ज्या एका देशावर गोऱ्यांचे राज्य कधी आले नाही, तिथेही गोल्फ पोचलाच. आपल्याकडे तो साहेबाच्या सामानातून आला. 1829 साली कलकत्त्यात क्लब निघाला, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा पहिला. सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, तो रेल्वेने आला. दक्षिणेकडे लोहमार्ग गेला, हुआ हिनच्या किनाऱ्यावर रेल्वेचे हॉटेल झाले, आणि हॉटेलात उतरलेल्यांनी दिवसभर करायचे काय, या प्रश्नावर रॉबिन्स नावाच्या स्कॉटिश रेल्वे इंजिनियरने 1924 मध्ये स्टेशनलगत मैदान आखून दिले. देशातले पहिले रीतसर मैदान ते हेच मानतात. म्हणजे गोल्फ पर्यटन ही थायलंडची अलीकडची कल्पना नव्हे. तिथे पर्यटन आधी आले आणि त्याच्या पोटी गोल्फ जन्मला. राजघराण्याला हुआ हिन आणि गोल्फ दोन्ही आवडले. 24 जून 1932 रोजी बँकॉकमध्ये काही लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांनी सत्ता हातात घेऊन राजाची अनियंत्रित राजवट संपवली, तेव्हा सातवा राम, राजा प्रजाधिपोक, हुआ हिनला गोल्फ खेळत होता. हातातला डाव सोडून राज्य सांभाळायला धावलेले राजे इतिहासात पुष्कळ सापडतील. राज्य गेल्याची वार्ता मैदानावर ऐकणारा राजा विरळा. त्या डावाचा गुणफलक कोणी जपला आहे का, याची चौकशी इतिहासकारांनी केलेली नाही, ही त्यांची उणीव.

आता प्रत्यक्ष डाव पाहू. पाहुण्याने गाडीतून उतरायचे एवढेच. पिशवी तो उतरवत नाही. ती परस्पर बग्गीवर जाते आणि बग्गीपाशी कॅडी उभी असते. थायलंडमध्ये कॅडी जवळजवळ नेहमी स्त्रीच, माणशी एक, आणि बहुतेक ठिकाणी ती घेणे सक्तीचे. तिच्या गणवेशावर नंबर असतो, आणि पाहुणा पुढच्या वर्षी येतो तेव्हा तिचे नाव त्याला आठवत नसले तरी नंबर आठवतो. नियमाप्रमाणे पिशवीत चौदा दांडके चालतात. त्यांतले कोणते कधी काढायचे हे ती सांगते. वारा ती बघते, अंतर ती मोजते, चेंडू कुठे पडला हे ती लक्षात ठेवते, वाळूतली पावले ती पुसते, गवताचा उडालेला तुकडा वाळू-माती घालून ती बुजवते. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचल्यावर ती चेंडू पुसून, त्यावरची रेघ नेमकी भोकाच्या दिशेला येईल अशी फिरवून ठेवते. पाहुण्याने त्या रेघेवर ढकलायचे. 2019 पासून नियम असा आहे की खेळाडू फटक्यासाठी उभा राहू लागल्यावर कॅडीने त्याच्या मागे रेषेत थांबून रोख दाखवू नये. पण हा नियम स्पर्धेत पाळायचा. सुट्टीवरच्या माणसाला कोण अडवतो? दर तीन-चार भोकांनंतर थंड पेयांची टपरी आणि बर्फात घातलेला टॉवेल. गुणही तीच लिहिते, आणि ते लिहिताना तिचा हात किती उदार होतो यावर जाणकारांनी बोलू नये. चेंडू तळ्यात गेला तर ती 'वारा फिरला' म्हणते. चेंडू चुकून बरा गेला तर 'गुड शॉट' म्हणते, आणि ते इतक्या मनापासून म्हणते की चाळीस वर्षांत ज्याला घरी कोणी असे म्हटलेले नाही तो माणूस पुढच्या वर्षीचे तिकीट तिथेच काढतो. चालणे बग्गीकडे, ओझे बग्गीकडे, विचार कॅडीकडे, अपमान वाऱ्याकडे. फटका तेवढा आपला.

यावर कोणी म्हणेल, मग बिघडले कुठे? सुट्टी म्हणजे तरी दुसरे काय? हे अगदी मान्य. पण कष्टांचा एक स्वभाव आहे. ते नाहीसे होत नाहीत, खांदा बदलतात. स्कॉटलंडमध्ये जे खेळाडूने सोसायचे, ते उष्ण कटिबंधात दुसऱ्या कोणी तरी सोसलेले असते, आणि तो दुसरा कोण हे पाहिल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. पहिला खांदा कॅडीचा. पस्तीस अंश उन्हात ती पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, रुंद काठाची टोपी आणि डोळे सोडून सारा चेहरा झाकणारे फडके अशा जामानिम्यात असते. पुण्यात स्कूटरवर निघालेली कोणतीही मुलगी तिला लगेच बहीण म्हणून ओळखेल. पाहुणा अर्ध्या चड्डीत ऊन खायला आलेला असतो आणि ती ऊन लागू नये म्हणून गुंडाळलेली असते. उन्हाबद्दल दोघांचे मत इतके वेगळे असूनही चार-साडेचार तास दोघे एका बग्गीत आनंदाने काढतात. तिची मुख्य मिळकत म्हणजे फेरीमागची ठरलेली फी आणि वर टीप. आता आक्षेप येतो तो इथे: फी आणि टीप मिळून एका फेरीचे पैसे तिथल्या दिवसाच्या किमान मजुरीहून जास्त होतात, भातखाचरात कंबर मोडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले, मग शहरी लोकांनी उगाच हळहळायचे कशाला? आक्षेप खरा आहे, आणि हळहळ करायची नाहीच. फक्त एवढे टिपून ठेवायचे की ही मिळकत फेऱ्यांवर आहे. पावसाळ्यात पाहुणा आटला की फेरी आटते, फेरी आटली की टीप आटते. जोखीम खेळणाऱ्याच्या वाट्याची होती, ती इथे ओझे वाहणाऱ्याच्या वाट्याला आली. जाहिरातवाल्यांनी त्या पावसाळ्याला 'हिरवा मोसम' असे गोजिरे नाव दिले आहे. दर उतरवले आहेत आणि विजांची सूचना देणारे भोंगे बसवले आहेत.

दुसरा खांदा गवताचा, आणि इथे मराठी वाचकाने जरा सावरून बसावे. उष्ण प्रदेशातल्या कित्येक मैदानांवर जे गवत असते त्याला गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात. ती आपली हरळी. तीच, जिच्या एकवीस कोवळ्या काड्या खुडून आपण गणपतीला वाहतो, आणि तीच, जी शेतात शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण कुळव घाला, खणा, जाळा, पुढच्या पावसाला ती पुन्हा हजर. ग्रीनसाठी तिचा आफ्रिकेतल्या भावकीतल्या एका गवताशी संकर करून बुटकी जात काढली आहे. ज्या वनस्पतीला मारण्यात विदर्भ-मराठवाड्याच्या कित्येक पिढ्या खपल्या, तिला जगवण्यासाठी इथे पदवीधर नेमलेले असतात. ते तिला रोज तीन-चार मिलिमीटरवर कापतात. असे दररोज मुंडण झाले की हरळीसारखी हरळीही नाजूक होते, आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. बुरशीला औषध, औषधाने थकलेल्या गवताला खत, खताने माजलेल्या गवताला पुन्हा कापणी. थंड देशांतले गवत हिवाळ्यात झोपी जाते आणि माळ्यालाही झोपू देते. इथे बारा महिने वाढ, म्हणून बारा महिने लढाई. मेंढ्या फुकट करीत होत्या त्या कामाला आता डिझेल, रसायने आणि पहाटे चारपासून राबणारी माणसे लागतात. किनाऱ्यालगतच्या मैदानांवर पास्पालम नावाचे गवत लावतात, ते खारवट पाणी पिऊनही जगते. तेवढाच समजूतदारपणा त्या बिचाऱ्याने दाखवला आहे.

पाण्याचे म्हणाल तर पर्यटनविरोधी लिखाणात एक आकडा गेली कित्येक वर्षे फिरतो आहे: थायलंडमधले एक मैदान साठ हजार गावकऱ्यांइतके पाणी पिते. फिरणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, ते मोजून पाहावेत. अठरा भोकांचे मैदान साधारण साठ हेक्टर धरू. कोरड्या दिवसांत उन्हाने उडून जाणारे पाणी भरून काढायला दिवसाला पाच मिलिमीटर लागतात असे धरले, तर साठ हेक्टरांवर ते तीस लाख लिटर होतात. खेड्यातल्या माणसाला रोज पन्नास लिटर दिले, तर बरोबर साठ हजार माणसे निघतात. म्हणजे आकडा हवेतला नाही. पण यावर मैदानवाल्यांचे उत्तरही ऐकून घेतले पाहिजे. सगळे साठ हेक्टर कोणी भिजवत नाही, झाडीला आणि कडेच्या रानाला पाणी लागत नाही. वर्षातले निम्मे महिने आभाळच भिजवते. तळी काही शोभेला खणलेली नसतात, त्यांत पावसाचे पाणी साठते. हे सारे खरे. गोची एवढीच आहे की पाहुणा पावसाळ्यात येत नाही. तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी येतो, आणि पाऊस नेमका तेव्हाच नसतो. ज्या आठवड्यांत तळ्याची पातळी खाली जायला लागते त्याच आठवड्यांत ग्रीन सर्वांत हिरवे दिसावे लागते. वर्षाची सरासरी काढून कोणाचीही तहान भागत नाही, हे लातूरला रेल्वेने पाणी आलेले पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

जमिनीच्या बाबतीत मात्र गोल्फच्या बाजूने एक साक्षीदार भक्कम उभा राहतो, आणि त्याला नीट बोलू दिले पाहिजे. फुकेत बेट एके काळी कथलाच्या खाणींवर जगत होते. खाणी संपल्या आणि मागे खड्डे, तांबडी माती आणि विटलेली तळी उरली. ब्लू कॅन्यन आणि रेड माउंटन ही तिथली नामांकित मैदाने जुन्या खाणींच्या जागेवरच आहेत, आणि लगूना या प्रचंड हॉटेल-वसाहतीची जमीनही तशीच, कोणी हात लावू नये अशी. तिथे गोल्फने कोणाचे भात खाल्ले नाही. उलट, मूळ स्कॉटिश धर्म पाळला: जी जमीन कोणाला नको, ती घ्या. एवढे श्रेय द्यायलाच हवे. पण सगळीकडे धर्म पाळला गेला असे नाही. हुआ हिन ज्या प्रांतात आहे त्याच प्रांतातल्या एका बुद्धविहाराला एका वृद्ध बाईंनी बँकॉकजवळच्या पथुम थानीत मोठी जमीन ठेवली. 1990 मध्ये ती जमीन विकली गेली आणि तिथे गोल्फचे मैदान आणि बंगले झाले. व्यवहार कायदेशीर होता की नाही हा वाद तीन दशके चालला, आणि त्यात एका माजी उच्चाधिकाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. बाईंनी पुण्यासाठी दिलेल्या जमिनीवर लोक फटके मोजत राहिले. लष्कराची गोष्ट आणखी निराळी. थायलंडच्या सैन्यदलांकडे डझनावारी मैदाने आहेत. त्यांतले कांतारत हे हवाई दलाचे मैदान बँकॉकच्या डॉन म्युआंग विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांच्या मधोमध आहे. विमान उतरायचे असले की तिथे लाल दिवा लागतो आणि खेळ थांबतो. स्वस्त तिकिटाने तिथे उतरणारा मराठी प्रवासी खिडकीतून बाहेर पाहतो तेव्हा हातात दांडके धरून निमूट उभे असलेले लोक त्याला दिसतात. थायलंडच्या भूमीवर त्याचे पहिले स्वागत हेच. विमानाची घरघर सोसून खेळणारी ही मंडळी मात्र माझ्या मांडणीत बसत नाहीत. त्यांनी कष्ट कोणाला दिलेले नाहीत, म्हणून त्यांना या लेखातून सूट.

सर्वांत वजनदार आक्षेप याच्या पुढचा आहे. हा खेळ आता पाहुण्यांचा राहिलेलाच नाही, थाई लोकांनी तो आपला केला आहे. टायगर वुड्सची आई थायलंडची, हे सोडून द्या. त्याला एखादा योगायोग म्हणेल. पण आरिया जुतानुगार्न 2016 मध्ये महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली आणि 2017 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेली. अथाया थितिकुलने 2017 मध्ये चौदाव्या वर्षी युरोपीय महिला मालिकेतली स्पर्धा जिंकली, त्या मालिकेच्या इतिहासातली सर्वांत लहान विजेती म्हणून, आणि पुढे 2022 मध्ये तीही पहिल्या क्रमांकावर पोचली. ज्या देशात पाहुण्याची पिशवी बाई उचलते, त्याच देशाच्या मुली जगाला हरवतात. मैदाने नसती तर या मुली कुठून आल्या असत्या? आक्षेप बिनतोड वाटतो, पण नीट पाहिले तर तो माझ्याच बाजूचा आहे. या मुलींनी गोल्फ तसा खेळला जसा तो स्कॉटलंडमध्ये खेळायचे: पहाटे उठून, हाताला घट्टे पडेपर्यंत, हरल्यावर वाऱ्याला दोष न देता. त्यांनी कष्ट परत मागून घेतले. पाहुणा मात्र तेच कष्ट देऊन टाकण्यासाठी डॉलर मोजतो. एकाच मैदानावर हे दोन धंदे चालतात, आणि दुसऱ्याच्या पैशावर पहिला पोसला जातो असे म्हणणाराही कोणी निघेल. निघो. तो अर्धा बरोबर असेल.

या सगळ्याला विरोध झाला नाही असे नाही. 1993 मध्ये जपान, मलेशिया आणि थायलंडमधल्या कार्यकर्त्यांनी मिळून गोल्फविरोधी जागतिक चळवळ सुरू केली आणि 29 एप्रिल हा गोल्फ-बंदी दिवस जाहीर केला. एप्रिलचा शेवट म्हणजे थायलंडमध्ये उन्हाचा कडेलोट. त्या दिवशी तसेही शहाणा माणूस बाहेर पडत नाही, त्यामुळे चळवळीला यश मिळाले की नाही हे मोजायला मोठी अडचण झाली. त्या चळवळीचा वारा गोव्यालाही लागला होता, आणि पुढे पेडणे तालुक्यातल्या तेरेखोलच्या गावकऱ्यांनी गोल्फच्या प्रकल्पाला वर्षानुवर्षे विरोध केला. तेरेखोल म्हणजे नदीपलीकडे सिंधुदुर्गाच्या कुशीत शिरलेला गोव्याचा तुकडा. काजूची आणि भाताची जमीन जाऊ देणार नाही, हे त्यांचे कारण, आणि ते पुरेसे आहे. पण प्रकल्पवाल्यांनी आणखी एक गोष्ट विचारात घेतलेली दिसत नाही. किनारा मिळेल, पाऊस मिळेल, हरळी तर सांगायलाच नको. पण थायलंडच्या धंद्याचा कणा म्हणजे पाहुण्याचा अपमान दुसऱ्याने अंगावर घेणे, आणि त्या पट्ट्यात हे काम करायला माणूस मिळणे कठीण. चेंडू तळ्यात गेल्यावर तिथला कॅडी वाऱ्याचे नाव काढणार नाही. 'गेलो पाण्यात! मी पैलीच सांगलंय, ह्यां तुमका जमाचा नाय,' असे तो चौघांदेखत म्हणेल, पुढच्या भोकापर्यंत त्याचे सविस्तर विवेचन करील, आणि टीप मोजून पुरी घेईल.